कामावर रुजू होताना: आईचं दूध काढून घरी ठेवायची पद्धत

पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्याने 26 आठवड्यांची रजा मिळते. त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधीच संपवले असतील, तर रुजू होताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं, म्हणजे त्याला अजून पाणीसुद्धा द्यायचं नाही, फक्त दूध. ठाण्याहून फोर्टला ऑफिस असेल तर घर ते घर सहज अकरा तास जातात. दूध किती लागेल याचा हिशोब सोपा आहे: आई बाहेर असेल त्या दर तासाला 30 ते 40 मिली. अकरा तासांना 330 ते 440 मिली झालं. डीप फ्रीझर भरून साठा करायची गरज नाही, दोन दिवसांचं पुढे असलं की पुरे. आज ऑफिसात काढलेलं उद्या बाळाला.

सराव रुजू होण्याच्या दोन आठवडे आधी सुरू करावा. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने काढायला बसावं, त्या वेळी दूध जास्त असतं. हाताने काढायचं तर हात साबणाने धुऊन अंगठा वर आणि बोटं खाली, बोंडाच्या बुडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे दाबायची, मग सैल सोडायचं. त्वचेवर बोटं घासत पुढे आणू नयेत, त्याने दूध येत नाही, नुसती आग होते. धार मंदावली की बोटांची जागा बदलायची, तीन-पाच मिनिटांनी बाजू बदलायची. सगळं मिळून 20 ते 30 मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकत नाही. त्यावरून ‘दूधच कमी आहे’ असा निकाल घरात कोणी देऊ नये. पंपाचंही तेच: बाळ जितकं ओढतं तितकं पंप ओढत नाही. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू होते आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. पंपाने दुखत असेल तर बहुधा छातीवर लावायच्या फनेलचं माप चुकलंय किंवा ओढ जास्त ठेवलीय.

झाकणाचा छोटा स्टीलचा डबा दहा मिनिटं उकळून घेतला की साठवायला उत्तम. एका डब्यात एका वेळचंच, 60 ते 100 मिली, आणि वर तारीख-वेळ. 25 अंशांच्या आत खोलीत दूध चार तास टिकतं; एप्रिल-मेच्या ठाण्यात किंवा वाशीत एसीशिवाय तेवढं तापमान नसतंच, म्हणून काढलं की लगेच फ्रिजमध्ये. तिथे चार दिवस चालतं, पण दाराच्या कप्प्यात नाही, मागे आत ठेवायचं. गोठवलेलं सहा महिने चांगलं राहतं. ताजं कोमट दूध थंड दुधात ओतू नये, आधी गार करावं. परतीच्या लोकलसाठी इन्सुलेटेड पिशवी आणि डब्यांना चिकटून गोठवलेले आइसपॅक घ्यावेत.

ठेवल्यावर वर साय येते, ते नासणं नव्हे. डबा हलकेच फिरवला की एकजीव होतं. देताना गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून कोमट करावं. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको, कुठे थंड आणि कुठे चटका बसेल इतकं गरम राहतं. गोठवलेलं वितळलं की 24 तासांत संपवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाचं उष्टं दोन तासांनी टाकून द्यावं. जिवावर येतं, पण टाकावं.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीचं छोटं भांडं) बरं. धुवायला सोपं, आणि बाळ छाती सोडत नाही. बाळ जागं असताना मांडीवर जवळजवळ उभं धरावं. बोंडल्याची चोच ओठांच्या कोपऱ्याशी, थोडं ओतायचं, गिळलं की पुढचं. घाईने ओतलं तर ठसका लागतो. पहिले काही दिवस हे आजी किंवा बाबांनी करावं, आणि आईने दुसऱ्या खोलीत जावं. आईचा वास आला की बाळ वाटी झिडकारतं.

ऑफिसात दर तीन तासांनी दूध काढावं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत त्यासाठी रोज दोन जादा मधल्या सुट्या कायद्याने मिळतात, त्या रुजू होण्याआधी लेखी मागून ठेवाव्यात. दूध काढणं चुकवलं तर छाती दगडासारखी होते. दुखऱ्या जागेवर थंड पट्टी ठेवावी, जोरात मालिश करू नये, घरी आल्यावर नेहमीसारखं पाजावं. लाल चट्टा आणि ताप दोन्ही असतील तर डॉक्टर गाठावा. पाजणं तेव्हाही थांबवायचं नसतं.