कुत्रा दिसला की दत्त आठवतो: टॅरो डेकसाठी चिन्हं निवडताना

स्वतःचा टॅरो डेक, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो 78 चित्रपत्त्यांचा संच, काढायला घेणारे अनेक जण 'द फूल' या पानापासून सुरुवात करतात आणि मेजर आर्कानाची, म्हणजे स्वतंत्र नावांची, 22 पानं संपली की अडकतात. ती 22 चित्रं एकमेकांपासून फटकून असली तरी खपतात. उरलेली 56 पानं चार सूटमध्ये (इस्पिक-बदामसारख्या गटांत) वाटलेली असतात आणि तिथे एकच वस्तू एक्क्यापासून दश्शीपर्यंत पुन्हा पुन्हा काढावी लागते. चुकीची वस्तू निवडली असेल तर ते तिथे कळतं, तेही अर्धा डेक रंगवून झाल्यावर. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी सूटच्या वस्तू, मग आकडे, मग दरबारी पानं (राजा, राणी, नाइट म्हणजे घोडेस्वार, आणि पेज म्हणजे सेवक), मेजर शेवटी.

त्याच्याही आधी परंपरा ठरवा. मार्सेय या जुन्या फ्रेंच पद्धतीत आकड्यांच्या पानांवर प्रसंग नसतो. पाच कप म्हणजे मांडलेले पाच कप, बस. 1909 साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सनने काढलेल्या डेकमध्ये चित्रकार पामेला कोलमन स्मिथने आकड्यांच्या पानांवरही माणसं आणि प्रसंग आणले, आणि आज दुकानात दिसणारे बरेचसे डेक त्याच वळणाचे आहेत. (कल्पना जुनीच. तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या सोला बुस्का डेकमध्येही आहे.) मेजरचा क्रमही वेगळा: मार्सेयमध्ये 'जस्टिस' आठवं आणि 'स्ट्रेंग्थ' अकरावं, 1909च्या डेकमध्ये बरोबर उलट. दोन्हींची सरमिसळ केली तर वापरणारा गोंधळतो, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका आणि तिथून हलू नका.

चार वस्तू

वाँड्स (काठ्या), कप्स (प्याले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (तारा असलेली गोल नाणी) या चार सूटच्या जागी आपल्याकडचं काही आणायचं असेल तर वस्तू सुंदर आहे का हे नंतर बघा. आधी ती सांडते का, मोडते का, हातात धरता येते का, पुरता येते का, हे बघा. स्मिथच्या 'फाइव्ह ऑफ कप्स'मध्ये तीन कप लवंडलेले आहेत, दोन मागे उभे आहेत, आणि काळ्या झग्यातला माणूस मान खाली घालून लवंडलेल्यांकडेच बघतोय. कप्सच्या जागी कमळ घेतलंत तर हे पान मेलं. कमळ लवंडत नाही. घागर लवंडते, पण दश्शीला दहा घागरी 70 मिमी रुंदीत माणसांसकट बसत नाहीत. तांब्या बसतो. आडवा पडला तरी बाह्याकृतीवरून ओळखू येतो.

पेंटॅकल्ससाठी भाकरी सगळ्यांना सुचते. मोठ्या कागदावर छान दिसते, पानाच्या मापात आणली की थाळी, चंद्र, भाकरी यातलं काहीही वाटतं. गोल आकाराला आत खूण लागते. 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा इथे चपखल आहे: नखाएवढा काढला तरी भोक दिसतं, दोऱ्यात ओवता येतो, मुठीत आवळता येतो.

वाँड्सना ऊस घ्या. स्मिथच्या काठ्यांना पालवी फुटलेली आहे. उसाच्या कांडीलाही डोळ्यातून कोंब फुटतो. 'टेन ऑफ वाँड्स'मध्ये माणूस दहा काठ्यांचा भारा कवटाळून वाकून चाललाय. ऊसतोडीत डोक्यावर मोळी घेऊन गाडीकडे निघालेली बाई काढली की महाराष्ट्रात तो अर्थ कुणाला समजावून सांगावा लागणार नाही.

स्वोर्ड्सची गंमत वेगळी आहे. टॅरोत हा सूट बुद्धीचा, शब्दांचा आणि त्यांनी होणाऱ्या जखमांचा. मराठी डोळ्याला तलवार दिसली की शौर्य आणि अभिमान दिसतो, आणि पाठीत दहा तलवारी घुसलेला माणूस म्हणजे वीरमरण. तिथे पराभव वाचायचाय हे सांगूनही पटत नाही. बोरू घेऊन बघा. टोकदार, चाकूने तासलेला, मोडणारा, शाईने काळा झालेला. अडचण एकच: ऊस आणि बोरू दोन्ही काड्याच. त्यामुळे नियम करा की ऊस नेहमी पेरांचा, जाड आणि शेंड्याला पात असलेला. बोरू नेहमी तिरपा कापलेला, टोक काळं. शिवाय प्रत्येक सूटला पार्श्वभूमीचा एकच रंग द्या. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पानं असतात, दहा अवतारांचे दहा सूट, प्रत्येकी बारा पानं. हातात धरल्यावर सूट आधी रंगावरून कळतो, मग चिन्हावरून. तीच युक्ती.

आकड्यांना फार वेळ देऊ नका. चौकड्यांमध्ये चौकट, भिंत किंवा दार. पंजांमध्ये रांगेतून निसटलेली एक वस्तू. दश्श्यांमध्ये पानभर गर्दी. एवढे तीन-चार नियम चारही सूटमध्ये पाळले तरी डेक एका हातचा वाटतो.

दरबारी 16 पानांत चेहऱ्यांवर भिस्त ठेवू नका, कारण या मापात चेहरा म्हणजे तांदळाचा दाणा. स्मिथने चारही नाइट घोड्यांवरून वेगळे केले: वाँड्सचा घोडा पुढचे पाय उचललेला, कप्सचा संथ चालणारा, स्वोर्ड्सचा भरधाव, पेंटॅकल्सचा जागच्या जागी उभा. स्वभाव सगळा पायांत. घोड्याऐवजी सायकल, बैलगाडी काहीही घ्या, पण चौघांना वाहन एकच द्या आणि फरक गतीत ठेवा.

मेजर: नको तो देव आपोआप येतो

इथे सगळ्यात जास्त घोटाळे होतात, कारण आपल्याकडे बऱ्याच मुद्रा आधीच कुणाच्या तरी नावावर आहेत.

'द फूल' म्हणजे कड्याच्या टोकावर बेफिकीर उभा असलेला तरुण, काठीला गाठोडं, पायाशी पांढरा कुत्रा. त्याच्या खांद्याला झोळी अडकवली आणि कुत्रे दोन केले की तो दत्त होतो. निरागस भटक्याच्या जागी गुरू येऊन बसला, म्हणजे अर्थ पार उलटला. उपाय साधा आहे: कुत्रा एकच ठेवा, तो गावठी आणि धोतर ओढणारा काढा, झोळीऐवजी बोचकं द्या.

'स्ट्रेंग्थ'मध्ये बाई सिंहाचा जबडा हळुवारपणे मिटते आहे. साडीतली बाई आणि सिंह एकत्र आले की अंबाबाई, आणि अंबाबाई म्हटलं की असुराचा वध. मूळ पानात वध नाही, चुचकारणं आहे. सिंह बाजूला ठेवून बैल आणा, वेसण नसलेला, आणि त्याच्या कपाळावर टेकलेला बाईचा तळवा. वेसण दाखवलीत तर पान गेलं.

'द हँग्ड मॅन' एका पायाने उलटा टांगलेला, दुसरा पाय दुमडलेला, चेहरा शांत, डोक्यामागे प्रभा. मराठी वाचकाला झाडाला लटकलेला वेताळ दिसणार. प्रभावळ दाखवून काही उपयोग होत नाही. मल्लखांब घ्या. उलटा, पण स्वतःच्या मर्जीने. शरीर स्थिर, श्वास रोखलेला. मैदान, प्रेक्षक, पदकं काही नको, नाहीतर ते स्पर्धेचं पान होईल.

'द हाय प्रीस्टेस'मागे डाळिंबांचा पडदा आहे. डाळिंबामागची पर्सेफनीची ग्रीक गोष्ट आपल्याकडे कुणाच्या ओठांवर नाही, त्यामुळे फळ नुसतं फळ उरतं. पडदा म्हटल्यावर अंतरपाट सुचतो आणि मोह होतो. आवरा. अंतरपाट आला की लग्न आलं. ते चित्र 'द लव्हर्स'साठी राखून ठेवा. इथे माजघराचा उंबरठा आणि आतला अंधार पुरतो.

प्रत्येक पानासाठी हीच कसोटी लावा. रेखाटन पाच जणांना नाव न सांगता दाखवा आणि फक्त "काय चाललंय?" एवढं विचारा. अर्थ विचारू नका. तिघांनी एकच देव सांगितला तर चित्र बदला. मुद्दाम देव काढत असाल तर आणखी दोन गोष्टी लक्षात घ्या: पत्ते पिसताना पान उलटं येतं, आणि पत्ते जमिनीवर, सतरंजीवर मांडले जातात, कुणाचा तरी पाय लागतो. काहींना ते खपणार नाही, आणि ते आधीच धरून चाला.

एका पानावर एक मुख्य वस्तू आणि दोन सहायक, यापुढे जाऊ नका. अख्ख्या डेकची यादी पंचवीस-तीस वस्तूंत आटपावी आणि त्या वस्तू फिरत्या असाव्यात: 'द टॉवर'मध्ये पडलेलं दार 'फोर ऑफ वाँड्स'मध्ये तोरण लावून उभं दिसलं, तर दोन पानं शेजारी आल्यावर बोलायला लागतात.

मापात आणणं

प्रचलित माप 70 बाय 120 मिमी. कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिमी जादा सोडा, म्हणजे फाइल 76 बाय 126 मिमी. 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) 898 बाय 1488 पिक्सेल. काम दुप्पट मापात करा. नाव आणि आकडा कडेपासून किमान 5 मिमी आत. किनार काढायचीच असेल तर 4 मिमीपेक्षा बारीक नको. कापणी एक मिमी सरकली तर 2 मिमीची किनार एका बाजूला 1 आणि दुसऱ्या बाजूला 3 होते आणि ते लगेच डोळ्यात खुपतं. पाठीमागची नक्षी 180 अंशात फिरवली तरी तशीच दिसायला हवी, नाहीतर पान उचलण्याआधीच सुलट की उलट ते कळतं. स्वस्तिक फिरवून चालतं, ॐ चालत नाही.

स्मिथची 1909ची मूळ चित्रं आधाराला घ्यायला भारतात अडचण नाही. ती 1951 साली वारली आणि इथला कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षांचा. मात्र नंतर कुणी नव्याने रंगवलेल्या आवृत्तीवरून गिरवू नका, त्या रंगकामावर वेगळा हक्क असू शकतो.

सगळं रंगवायला बसण्याआधी तीनच पानं पुरी करा: एक मेजर, एक नाइट आणि बोरूंची दश्शी. खऱ्या मापात, कृष्णधवल, साध्या कागदावर छापा आणि हात लांब करून धरा. दश्शीतले दहाही बोरू मोजता आले नाहीत तर पाच बोरू आडवे आणि पाच उभे करून बघा. तरीही जमलं नाही तर माणूस लहान करा, बोरू नको.