किडनीसाठी कॉफी कमी कशी करायची, डोकं न धरता

किडनीसाठी कॉफी बंद कर असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यातल्या एकानेही बंद कशी करायची ते सांगितलं नाही. मी नाशिकच्या सातपूरला शिफ्टमध्ये काम करतो, बीपी आहे, दिवसाला सहा-सात कप व्हायचे, आणि ते दोनवर आणायचा उद्योग मी आत्तापर्यंत चार वेळा केलाय. निफाडचा पारा खाली गेला की माझी कॉफी परत वर जाते, त्यामुळे चार वेळा.

आधी एक गोष्ट. धडधाकट माणसाची किडनी दोन-तीन कप कॉफीने बिघडत नाही. उलट मोठमोठ्या पाहण्यांत कॉफी पिणाऱ्यांना मुतखड्याचा त्रास कमीच दिसलाय. भानगड बीपीची आहे. कॅफीनने काही तास बीपी चढतं, आणि किडनीची खरी वाट लावतात ते बीपी आणि शुगर. म्हणून "कॉफी विष आहे" वाले आणि "ब्लॅक कॉफीने किडनी साफ होते" वाले, दोघांनाही म्यूट करा.

तर पहिलं म्हणजे क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो रक्तातला कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रोटीन) तपासून घ्या. रिपोर्टमध्ये ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा असतो, तो तीन महिने ६० च्या खाली राहिला तर डॉक्टर गाठा, लेख वाचत बसू नका.

मग मोजा. कप नाही, चमचे. शुद्ध इन्स्टंट कॉफीचा सपाट चमचा म्हणजे साधारण २ ग्रॅम, त्यात ६० मिलीग्रॅमच्या आसपास कॅफीन. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाची मर्यादा ४०० मिलीग्रॅम सांगतात, गरोदर बाईला २००. आपल्याकडच्या बऱ्याच पावडरींत चिकोरी, म्हणजे कॅफीन नसलेल्या भाजक्या मुळाची पूड असते, पाकिटावर टक्के लिहिलेले असतात, ते वाचा.

बीपीचं मशीन घरी असेल तर कॉफीआधी एकदा मोजा आणि प्यायल्यावर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत परत एक-दोनदा मोजा. पाच-दहाने चढलं तर तुम्हाला कॉफी बाधते, एवढंच.

आता खरी कटकट. कमी करणं.

पहिल्या वेळी मी सुट्टीच्या दिवशी एकदम बंद केली, म्हटलं घरीच आहोत, निभेल. दुपारपर्यंत डोळ्यांच्या मागून जे ठणकायला लागलं ते काही थांबेना. चिडचिड एवढी की पोरगं समोर यायला घाबरत होतं. मग मी काय केलं, ड्रॉवरमध्ये पाठदुखीची डायक्लोफिनॅक पडली होती, ती घेतली, संध्याकाळी परत एक, असं तीन दिवस. म्हणजे किडनी वाचवायला कॉफी सोडली आणि किडनीचा रक्तपुरवठा कमी करणारी गोळी रिकाम्या पोटी खात बसलो! डॉक्टरांना सांगितल्यावर ते जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुम्हाला कळकळीने सांगतो, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर या डोकेदुखीला आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको. अगदीच असह्य झालं तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून. आणि डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीनच घातलेलं असतं, म्हणजे पुढच्या दाराने काढलं आणि मागच्या दाराने घेतलं.

हे दुखणं शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतं, एक-दोन दिवसांत कळस गाठतं आणि आठ-नऊ दिवससुद्धा रेंगाळू शकतं. म्हणून इच्छाशक्ती वगैरे विसरा, चमचा छोटा करा. कप तेवढेच, वेळा त्याच, मगही तोच, फक्त प्रत्येक कपातली पावडर पाव चमच्याने कमी. तीन-चार दिवस तिथेच थांबा. डोकं शांत असेल तर पुढचा पाव चमचा, दुखायला लागलं तर एक पायरी मागे, त्यात लाज कसली. मला सहा-सातवरून दोनवर यायला जवळजवळ महिना लागतो. कपांची संख्या अगदी शेवटी कमी करायची, आणि आधी संध्याकाळचा कप काढायचा कारण निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास जातात. चमचा मात्र एकच ठरवून ठेवा आणि घरच्यांनाही दाखवा, माझी बायको प्रेमाने शीग लावते आणि सगळा हिशोब बोंबलतो. कंपनीच्या मशीनमधल्या कॉफीचा तर अंदाजच लागत नाही, त्या महिनाभर मी थर्मास नेतो.

"मग चहा घे" असं म्हणतील. चहातही कॅफीन असतं, आणि ऑक्झलेट नावाच्या क्षाराचे मुतखडे होणाऱ्यांना कॉफीपेक्षा चहाच जास्त नडतो. कॉलेज रोडची आइस्क्रीमवाली कोल्ड कॉफी हा गोड पदार्थ आहे, शुगरवाल्यांनी तो कॉफीत धरू नये.

किडनी आधीच कमजोर असेल आणि पोटॅशियम कमी खायला सांगितलं असेल तर दुधाकडे बघा. १०० मिली दुधात साधारण १५० मिलीग्रॅम पोटॅशियम असतं, वर फॉस्फरस. मगभर (२४० मिली) बिनदुधाच्या कॉफीत साधारण सव्वाशेच्या आतच असतं. आणि डायलिसिसवाल्यांना दिवसाचं पाणी ठरवून दिलेलं असतं, त्यात कॉफीचा कपही मोजायचा, आणि रविवारी मिसळ खाल्लीच तर रस्साही.