जड सिगारची पारख: पार्तागास सेरी डी नंबर ४

जड सिगार जोखताना बहुतेकांची गल्लत होते ती ताकद आणि भरीवपणा यांत. ताकद निकोटीनची असते, ती डोक्याला आणि पोटाला जाणवते; धुराचा भरीवपणा मात्र जिभेला आणि टाळूला कळतो. क्यूबाच्या पार्तागास सेरी डी नंबर ४ मध्ये हा फरक नीट लक्षात येतो, म्हणून सरावासाठी मी तीच सुचवेन. १२४ मिलिमीटर लांब आणि सुमारे २० मिलिमीटर जाड अशा या रोबुस्तोला (आखूड, जाड आकाराच्या सिगारला) जोर येतो तो झाडाच्या शेंड्याकडच्या, भरपूर ऊन खाल्लेल्या लिखेरो पानांमुळे, आणि ती नीट जळते ती बुडाकडच्या वोलादो पानांमुळे.

रिकाम्या पोटी बसू नये. प्रथम सिगार बोटांनी हलकेच चाचपावी. एखादी जागा दगडासारखी घट्ट लागली तर ओढ अडण्याची शक्यता असते. टोपीचा, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाचा, फक्त माथा कापावा, कारण काप खांद्याखाली, म्हणजे टोकाची गोलाई संपते त्याखाली, गेला की वरचे पान उलगडू लागते. न पेटवता एक झुरका घ्यावा. त्यात अमोनियाचा उग्र दर्प आला, तर पाने अजून मुरलेली नाहीत असे समजून सिगार ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या पेटीत काही महिने परत ठेवावी. अशा सिगारवर मत देणे अन्यायाचे ठरते.

पेटवताना ज्योत टेकवू नये, सिगार फिरवत कड सर्व बाजूंनी लाल होऊ द्यावी आणि पुढे मिनिटाला साधारण एकच झुरका घ्यावा. धूर छातीत न ओढता तोंडात घोळवावा आणि त्यातला थोडासा नाकावाटे सोडावा. मिरीचा तिखटपणा, देवदाराचा वास, ओल्या मातीची छटा हे सारे खरे उलगडते ते नाकातच, आणि नवशिक्यांकडून नेमकी हीच पायरी सुटते. राखेच्या शुभ्रतेला मात्र लोक उगाच महत्त्व देतात.

खरा कस शेवटच्या तिसऱ्या भागात लागतो. तिथे उष्णता आणि डांबर साचून कडवटपणा येतो. तो आल्यास दोन मिनिटे थांबावे. त्यानंतरच्या सावकाश झुरक्यातही कडूपणा कायम राहिला तर गुण कापावेत, आणि मिरी मागे पडून कॉफीसारखी गडद चव उरली तर सिगार उत्तम बांधलेली आहे असे खुशाल नोंदवावे. धूर गिळला नाही तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात उतरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही राहतोच. त्यामुळे घाम फुटला किंवा गरगरू लागले तर पारख तिथेच थांबवून साखर तोंडात टाकावी आणि सिगार न चुरडता रक्षापात्रात आपोआप विझू द्यावी.