रुळांखालची खडी: एचओ लेआउटसाठी माझी पद्धत

मॉडेल रेल्वेत इंजिनावर जीव ओतणारे खूप. मला मात्र रुळांखालची खडी नीट बसली की लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्यासकट मांडलेली छोटी रेल्वे, खरा वाटू लागतो.

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप; त्याचं प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाइतकं. खरा ५० मिलिमीटरचा खडा इथे जेमतेम ०.६ मिलिमीटर भरतो, म्हणून चाळलेली बारीक खडीच घ्या. जाड खडीने रूळ खेळण्यातले दिसतात.

आधी रुळांच्या बाजू गंजासारख्या तपकिरी रंगवा. खडी पसरल्यावर ते काम नीट होत नाही. मग चमच्याने दोन रुळांमध्ये थोडी थोडी खडी सोडा आणि मऊ, सपाट ब्रशने सरकवा. स्लीपरचा, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचा, माथा उघडा राहायला हवा. इथे घाई नको. हातभर रुळाला मी अर्धा तास देतो, कारण गोंद वाळल्यावर चुकीच्या जागी बसलेला खडा काढणं फार जिकिरीचं.

आता पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून बारीक फवारा मारा. खडी चिंब भिजली पाहिजे; कोरडी राहिली तर गोंद वरच गोळा होतो आणि खड्डे पडतात. त्यावर पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात मिसळून ड्रॉपरने सोडा.

सांध्यांपाशी, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, जपा. माझा पहिला सांधा गोंदाने कायमचा चिकटला. तेव्हापासून हलत्या पात्यांखाली मी खडी टाकतच नाही, नुसता करडा रंग देतो, आणि आजूबाजूचा गोंद वाळेपर्यंत पाती अधूनमधून हलवत राहतो.

रात्रभर वाळू द्या. मग रुळांचा माथा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नाहीतर चाकांना वीज मिळणार नाही.