नॅनोकण आणि हिमोलिसिस चाचणी: या चुका टाळा

हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर पडणे) 2 टक्क्यांच्या आत आला की 'कण रक्ताला निर्धोक' असे लिहून मोकळे होण्याची घाई असते. चाचणी दिसायला सोपी आहे. धुतलेल्या तांबड्या पेशींत नॅनोकण घालायचे, 37 अंश सेल्सियसला 3 तास ठेवायचे, सेंट्रिफ्यूज करायचे आणि वरच्या द्रवातले हिमोग्लोबिन 540 नॅनोमीटरवर मोजायचे. पण मोजले जाते ते द्रवात उरलेले हिमोग्लोबिन. पेशींतून जेवढे बाहेर पडले, तेवढेच ते असेल असे नाही.

सिलिकाचे कण हिमोग्लोबिन पृष्ठभागावर ओढून घेतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये त्याला घेऊनच तळाशी बसतात. आकडा कमी दिसतो, पेशी मात्र फुटलेल्या असतात. म्हणून एक नळी वेगळी ठेवा: पेशी आधीच फोडून काढलेले ठरावीक हिमोग्लोबिन, त्यात कणांचा सर्वाधिक डोस, तोच वेळ, तेच तापमान. 100 भाग घातले आणि 70 परत मिळाले, तर मुख्य आकड्यावर विश्वास ठेवू नका.

उलटी चूक रंगाची. सोन्याचे कण 520 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात, चांदीचे 400 च्या आसपास. हिमोग्लोबिनची शिखरे 415, 541 आणि 577 वर. बारीक कण कमी वेगात तळाशी बसतच नाहीत, आणि त्यांचा रंग हिमोलिसिस म्हणून मोजला जातो. प्रत्येक डोससाठी पेशींविना, फक्त कणांची नळी लावा आणि तिचे वाचन वजा करा.

सर्वांत दुर्लक्षित चूक पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये, म्हणजे सर्व पेशी मुद्दाम फोडून 100 टक्के धरलेल्या नळीत असते. 2 टक्के पेशी असलेल्या द्रवातल्या सर्व पेशी ट्रायटनने (साबणासारख्या रसायनाने) फोडल्या, तर 1 सेंमी क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक भांड्यात) 540 ला अॅब्सॉर्बन्स (प्रकाश किती शोषला त्याचे माप) 5 च्या पुढे जातो. बऱ्याच यंत्रांचे वाचन 3 च्या आसपासच अडकते. मग भागाकारातला छेद लहान होतो आणि खरा 5 टक्के हिमोलिसिस 9 च्या घरात दिसतो. सर्व नळ्यांतला वरचा द्रव सारखाच, 10 पट पातळ करून वाचा. कणांमुळे हिमोग्लोबिन मेथिमोग्लोबिनमध्ये (त्याच्या ऑक्सिडीकृत रूपात) बदलत असेल तर 540 चे वाचन घसरते. सर्व हिमोग्लोबिन एकाच रूपात आणणारे ड्रॅबकिन द्रावण वापरले की ही अडचण राहत नाही. त्यात सायनाइड असते, त्याच्या टाकाऊ द्रावात आम्ल कधीच मिसळू नका.

आता मीठ. पाण्यातले कण पेशींच्या द्रवात निम्मे-निम्मे मिसळले की क्षार जवळपास 0.45 टक्क्यांवर येतात, आणि तिथे निरोगी पेशीही कणांशिवाय फुटू लागतात. कणांचा साठा एकूण आकारमानाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, आणि तेवढेच पाणी घातलेला कंट्रोल हवा. क्षारांत सायट्रेटने झाकलेले सोने गुठळ्या करून तांबड्याचे निळसर होते. तसे दिसले तर तुम्ही नॅनोकण नव्हे, गुठळ्या तपासत आहात.

सोन्याच्या नॅनोरॉड्समध्ये (काडीच्या आकाराच्या कणांत) बनवताना वापरलेला आणि उरलेला सीटॅब हा साबणासारखा पदार्थ स्वतःच पेशी फोडतो. साठा सेंट्रिफ्यूजमध्ये जोरात फिरवून वरचा कणविरहित द्रवही तपासा.

आणि पेशी धुतल्यावर प्लाझ्माची प्रथिने निघून जातात. ती असली की कणांवर थर चढतो व हिमोलिसिस बहुधा घटतो. अहवालात प्रथिने होती की नव्हती, हे लिहाच.