बटण अळिंबीचा आकार कसा मोजावा: वाण निवडणाऱ्यांसाठी

एखाद्या पिशवीत एक अळिंबी बाकीच्यांच्या दुप्पट निघाली की तिच्याच गराचा तुकडा काढून पुढचं बियाणं करावं, असं अनेकांना वाटतं. त्यातून मोठ्या आकाराचं वाण मिळत नाही. एकाच वाणाच्या स्पॉनने, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याने, भरलेल्या पिशवीतल्या सगळ्या अळिंब्यांचं आनुवंशिक मूळ एकच असतं. ती मोठी झाली कारण तिला जागा आणि ओलावा जास्त मिळाला. म्हणून तुलना वाणांची करायची, सुट्या अळिंब्यांची नाही.

त्यासाठी आधी वेगवेगळे उमेदवार हवेत. बटण अळिंबीच्या बहुतेक बीजाणूंत दोन केंद्रकं असतात, त्यामुळे एकेकट्या बीजाणूपासून वाढवलेलं कवकही पीक देऊ शकतं. अशी प्रत्येक वाढ हा एक उमेदवार. बाजारातली दोन पांढरी वाणं आणून भागत नाही. त्यांतली बरीचशी १९८०च्या सुमारास नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘हॉर्स्ट यू१’ या संकराच्या अगदी जवळची आहेत.

प्रत्येक उमेदवाराच्या किमान पाच पिशव्या भरा. कंपोस्टचं वजन आणि केसिंगचा (कंपोस्टवर पसरायच्या मातीसारख्या आवरणाचा) थर सगळीकडे सारखा ठेवा. तुलनेसाठी एक ओळखीचं वाणही लावा. कोणती पिशवी कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, कारण एकाच खोलीत वरच्या आणि खालच्या फळीवरचं तापमान वेगळं असतं. पिकाच्या काळात १४ ते १८ अंश सेल्सिअस आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता सांभाळा.

आता मोजमाप. सगळ्यात जास्त घोटाळा वेळेमुळे होतो. काढणीच्या सुमारास अळिंबी साधारण एका दिवसात दुप्पट होते. एक वाण सकाळी आणि दुसरं संध्याकाळी मोजलं तर फरक घड्याळाचा दिसेल, वाणाचा नाही. म्हणून अवस्था ठरवून घ्या: टोपीखालचा पडदा ताणलेला, पण फाटलेला नाही.

देठाचा मातीचा भाग कापा. व्हर्नियर कॅलिपरने टोपीचा व्यास सर्वात रुंद जागी मोजा, मग त्याला काटकोनात पुन्हा मोजा. ४६ आणि ४२ मिलिमीटर आले तर ४४ लिहा. कॅलिपर नुसता टेकवा; दाबलात तर गर चेपतो. देठाची लांबी, जाडी आणि ०.१ ग्रॅमपर्यंतचं वजन नोंदवा. हे लगेच उरका, कारण अळिंबीत सुमारे ९० टक्के पाणी असतं आणि ते उघड्यावर उडत राहतं.

जमलं तर पिशवीतली प्रत्येक अळिंबी मोजा. नाहीतर न निवडता हाताला येतील त्या वीस घ्या. डोळ्यांत भरणाऱ्या मोठ्या उचलण्याचा मोह आवरा.

सोबत प्रत्येक पिशवीतली एकूण संख्या आणि एकूण वजन लिहाच. पिनहेड (अळिंबीचे सुरुवातीचे बारीक कोंब) कमी आले की उरलेल्या आपोआप मोठ्या होतात. असं वाण आकाराने छान दिसतं आणि उत्पादनात मार खातं. पहिल्या आणि दुसऱ्या बहराच्या (एकदम येणाऱ्या पिकाच्या खेपेच्या) नोंदी वेगळ्या ठेवा.

हिशेब करताना पिशवीची सरासरी हा एक आकडा धरा. एका पिशवीतल्या वीस अळिंब्या म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. वाणांमधला फरक एकाच वाणाच्या पिशव्यांमधल्या फरकापेक्षा ठळक असेल, तरच तो उमेदवार पुढे न्या. त्याचं मूळ कल्चर (वाढवलेलं शुद्ध कवक) फ्रिजमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या पिकात नव्या कंपोस्टवर पुन्हा तीच चाचणी घ्या.