आधी पदकाची कड वाचा

आमच्या खेड तालुक्यातल्या घरी खंडेनवमीला कोयता, विळा आणि पहारीबरोबर चांदीचं एक गोल पदकही पाटावर मांडलं जायचं. आजी ते दरवर्षी चिंचेनं लख्ख घासायची. चुलत पणजोबांचं आहे, "ते बसऱ्याला गेले ते गेलेच", एवढंच ती सांगायची. त्यांची पलटण कुठली, ते कधी गेले, हे मला कळलं त्याला आता सहा वर्षं झाली. ज्यांच्या घरात असंच एखादं पदक आहे, त्यांनी शोध कसा घ्यावा ते सांगते.

सुरुवात इंटरनेटवर करू नका. पदक हातात घ्या आणि त्याची कड वाचा. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेलं चांदीचं पदक पहिल्या महायुद्धाचं आहे. पंखवाल्या देवतेचं कांस्य पदकही त्याच युद्धाचं. या दोन्हींच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते. पदक ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागची बाजू पाहा. दुसऱ्या महायुद्धाचे तारे आणि पदकं इंग्लंडच्या सैनिकांना कोरी दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या पदकांवर नाव घातलं गेलं. त्यामुळे आपल्याकडे शोधाचा धागा अजून शिल्लक आहे.

आमच्या पदकाची कड चिंचेनं झिजली होती. खोली अंधारी केली, बॅटरीचा उजेड कडेवर अगदी आडवा पाडला आणि पदक हळूहळू फिरवत मोबाइलवर फोटो काढले. सरळ उजेडात सपाट दिसणारी अक्षरं आडव्या उजेडात सावली धरतात. तीन आकडे, 'सिपॉय' आणि '110' एवढं लागलं. नावातली चार अक्षरं गेली होती, पण त्यानं अडलं नाही.

नावापेक्षा नंबर आणि पलटण महत्त्वाची. सखाराम, धोंडू, बाबाजी ही नावं त्या वेळी प्रत्येक वाडीत होती. नंबर मात्र पलटणीपुरताच असायचा, म्हणजे एकाच नंबरचा दुसरा शिपाई दुसऱ्या पलटणीत असू शकतो. दोन्ही मिळून माणूस सापडतो. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी 103, 105, 110, 114, 116 आणि 117 अशा होत्या. 1922 मध्ये त्या एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली, म्हणून 110 पुढे 3/5, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण, म्हणून ओळखली जाऊ लागली. घरातली म्हातारी माणसं आकडे सांगत नाहीत, टोपणनावं सांगतात. 'जंगी पलटण' म्हणाली तर ती मूळची 103, आणि 'काली पांचवी' म्हणाली तर 105. अशी बोली आठवण टिपून ठेवा, ती कागदाइतकीच कामाची असते. 111 महार ही पलटणही 1917 मध्ये उभी राहिली होती, त्या घरांनी तिचाही विचार करावा.

माणूस युद्धातून परतला नसेल, तर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. तिथे पैसे लागत नाहीत. आडनाव टाकून काही मिळालं नाही, म्हणून सोडून देऊ नका. भारतीय शिपायांचं अख्खं नाव बरेचदा आडनावाच्या रकान्यात एकत्र असतं. पवारांचं पोवार होतं, शिंद्यांचं सिंदे. सावंतात डब्ल्यू आहे की व्ही, दोन्ही करून पाहा. मी शेवटी नाव सोडूनच दिलं. भारतीय सेना निवडली, पलटण आणि नंबर टाकला, आणि नोंद समोर आली. जास्तीच्या माहितीत वडिलांचं नाव आणि गाव होतं. गावाचं इंग्रजी इतकं मोडलेलं की मोठ्यानं वाचल्यावरच ओळखू आलं. जिल्हे त्या काळचे धरा: रायगड म्हणजे कुलाबा, सिंधुदुर्ग तेव्हा बराचसा रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात, सांगलीचा बराच भाग साताऱ्यात.

नोंदीत स्मारक लिहिलं होतं, बसरा. इराकमध्ये पडलेल्या आणि कबर न सापडलेल्या 40,000 हून अधिक जणांसाठी ते 1929 मध्ये उघडलं. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा घातला. नावं नोंदवहीत राहिली. 2021 मध्ये कमिशननं स्वतःच्या अहवालात ही वागणूक असमान होती हे मान्य केलं. मला हे वाचून फार लागलं. पण नोंद शोधून काढायचं बळही त्यातूनच आलं. तेव्हा दगडावर नाव नाही म्हणून माणूस तिथे गेलाच नव्हता, असं समजू नका. दिल्लीच्या इंडिया गेटवरही सुमारे 13,000 नावं आहेत आणि ती बहुतेक वायव्य सरहद्दीवर पडलेल्यांची आहेत.

तारीख मिळाली की पलटणीची युद्धरोजनिशी पाहा. लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्या 'डब्ल्यू ओ 95' या मालिकेत आहेत. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, रोजनिशा संगणकावर उतरवून घेता येतात. तिथेही गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि आपली माणसं 'आय. ओ. आर.' (इंडियन अदर रँक्स, म्हणजे साधे भारतीय शिपाई) या तीन अक्षरांपुढे आकडा होऊन येतात. तरी त्या दिवशी पलटण कुठे होती हे कळतं. 110 मराठा इराकमधल्या कूत अल अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होती. 7 डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. त्यानंतरची तारीख असेल तर माणूस तुर्कांच्या कैदेत गेला असण्याची शक्यता धरा.

कोकणातल्या खलाशांच्या घरांनी पलटणी शोधू नयेत. मुंबईत प्रिन्सेस डॉकजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या 2,000 हून अधिक जणांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची नोंदवहीही तिथेच आहे.

गावात चावडीजवळ किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का, तेही पाहा. या गावातून इतके गेले, पैकी इतके मेले, एवढंच तिच्यावर असतं. साल बरेचदा 1914 ते 1919 असतं, कारण तह 1919 मध्ये झाला. साताऱ्याच्या अपशिंगे गावच्या स्मारकावर 46 जणांचा असा हिशोब आहे. पाटीला चुना लागला असेल तर तारेच्या ब्रशनं घासू नका, साधं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.

पदकालाही आता चिंच, राख, रांगोळी काही लावू नका. मी ते सुती कापडात गुंडाळून ठेवते. सोबत चिठ्ठी असते. तिच्यावर देवनागरीत पूर्ण नाव, वाडी, नंबर, पलटण आणि तारीख लिहिली आहे, आणि त्याखाली नोंदीतलं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं.